वापरकर्त्याचे प्रोफाइल आणि सीमाभागातील मराठी

मी निपाणीतल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. संगणक हा माझा विषय नाही. बारा वर्षांपूर्वी शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली माझ्याकडे आली आणि ती माझ्याकडेच राहिली. त्यामुळे जे काही शिकले ते गरजेपोटी, आणि बरेचसे चुकांमधून. त्यातली एक चूक आम्हाला महागात पडली. मराठीत संगणकावर लिहिणाऱ्या कोणाच्याही बाबतीत ती होऊ शकते, आणि थोडी माहिती असली तर सहज टळू शकते. म्हणून हा लेख.

शब्द पुन्हा लाल झाले

आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी आई किंवा आजी विड्या वळत आल्या आहेत. कुणाचे आजोबा तंबाखूच्या वखारीत होते. काही वर्षांपूर्वी आम्ही नववीच्या मुलांसाठी एक उपक्रम सुरू केला. घरातल्या किंवा गल्लीतल्या एखाद्या वृद्ध माणसाशी बोलायचे आणि ते बोलणे जसेच्या तसे टंकित करायचे. विषय साधे होते : विडीचे काम, आठवड्याचा बाजार, शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८१ साली महामार्ग रोखून झालेले तंबाखू उत्पादकांचे आंदोलन, लग्नातली गाणी. पिठाची गिरणी चालवत लेखन करणारे आमच्याच गावचे महादेव मोरे यांनी कष्टकऱ्यांची बोली कथा-कादंबऱ्यांत आणली, हे मुलांना ठाऊक होते. आपल्या आजीचे बोलणेही लिहिण्याजोगे आहे, हे मला त्यांना पटवायचे होते.

पहिल्याच दिवशी अडचण आली. वर्डमधली शब्दतपासणी आजीच्या बोलण्याखाली लाल रेघा ओढू लागली. ‘काय करालाय’ चूक, ‘नकासा’ चूक. नापास करून बाजूला काढलेल्या विड्यांना म्हणतात तो ‘छाट’ शब्दही संशयित. एका मुलीने ‘करालाय’चे ‘करत आहेस’ करून टाकले, कारण लाल रेघ गेली की उत्तर बरोबर, अशी मुलांची समजूत असते. मी मुलांना सांगितले, शब्द बदलायचा नाही. त्यावर उजवे क्लिक करून ‘ॲड टू डिक्शनरी’ निवडायचे. मग संगणक तो शब्द मान्य करतो.

चार वर्षे मुले हे करत होती. खिडकीजवळच्या सात नंबरच्या संगणकावर ‘मराठी’ नावाचे एक खाते उघडले होते. सगळी मुले आळीपाळीने त्याच खात्यातून काम करत. हळूहळू लाल रेघा कमी झाल्या. चौथ्या वर्षीच्या मुलांना तर आपल्या बोलीत लिहिताना फारसे अडखळावे लागत नव्हते.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत कक्षातले सगळे संगणक एका सर्व्हरला जोडायचे ठरले. काम करणाऱ्या तंत्रज्ञाने प्रत्येक यंत्र पुसून नव्याने विंडोज भरले. मी दोनदा विचारले. तो म्हणाला, “डाटा सगळा काढून ठेवलाय मॅडम, काळजी करू नकासा.” तो खोटे बोलत नव्हता. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स या फोल्डरांतली एकूण एक फाईल त्याने जपली होती.

जूनमध्ये मुलांनी पहिली फाईल उघडली आणि एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आपले शब्द परत लाल झाले की.”

मुलाखती सगळ्या होत्या. हरवले होते ते चार वर्षांत मान्य केलेले शब्द. आपण लिहिलेला मजकूर आणि आपण संगणकाला शिकवलेली भाषा या दोन वस्तू वेगवेगळ्या जागी राहतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. त्या दुसऱ्या जागेचे नाव ‘वापरकर्त्याचे प्रोफाइल’.

प्रोफाइल म्हणजे काय?

एकाच संगणकावर अनेक जण काम करतात तेव्हा प्रत्येकाच्या आवडीनिवडी आणि सोयी यंत्राला वेगळ्या ठेवाव्या लागतात. विंडोजमध्ये सी ड्राइव्हवर ‘युझर्स’ नावाचे फोल्डर असते. (विंडोज एक्सपीच्या काळात त्याचे नाव ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ होते.) त्यात प्रत्येक खात्याचे एक फोल्डर असते. हेच त्या माणसाचे प्रोफाइल. त्यातले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे भाग आपल्याला रोज दिसतात. ‘ॲपडेटा’ नावाचा भाग मात्र लपवलेला असतो. त्यातच ‘रोमिंग’ आणि ‘लोकल’ असे दोन मोठे कप्पे असतात, आणि निरनिराळे प्रोग्राम आपल्याबद्दलच्या नोंदी तिथे ठेवतात.

याशिवाय प्रोफाइलमध्ये ‘एनटीयूजर डॅट’ नावाची एक लपलेली फाईल असते. आपण लॉगिन केले की विंडोज ती उघडते आणि लॉगआउट करेपर्यंत उघडीच ठेवते. कळफलक कोणते, घड्याळाची पद्धत कोणती, पडद्याची मांडणी कशी, असे शेकडो बारीक निर्णय तिच्यात नोंदलेले असतात.

शाळेतल्या माणसाला समजेल असे सांगायचे तर मजकुराच्या फाईली म्हणजे मुलांच्या वह्या, आणि प्रोफाइल म्हणजे शिक्षकाचे कपाट. वह्या उचलून दुसऱ्या वर्गात नेल्या म्हणून कपाट आपोआप मागे येत नाही. आमच्या तंत्रज्ञाने वह्या नेल्या होत्या.

भाषेचे काय काय तिथे असते?

मराठी लिहिणाऱ्याने प्रोफाइलमधल्या पाच गोष्टी ओळखून ठेवाव्यात.

पहिली, कळफलक. विंडोजला मराठी हवी आहे ही नोंद यंत्रासाठी नसते, त्या वापरकर्त्यासाठी असते. विंडोजच्या लेखी प्रत्येक भाषेला एक क्रमांक आहे : मराठीचा ११०२, कन्नडचा १०९९. मी माझ्या खात्यात इनस्क्रिप्ट कळफलक जोडला तरी शेजारच्याच्या खात्यात तो दिसणार नाही. मे २०१९च्या विंडोज १० अद्यतनापासून मराठी आणि कन्नडसह दहा भारतीय भाषांचे ध्वन्यानुसारी, म्हणजे रोमन अक्षरांवरून टंकन करण्याचे कळफलकही विंडोजसोबत मिळतात. त्यांचीही निवड खात्यागणिक असते.

दुसरी, वैयक्तिक शब्दकोश. वर्डमध्ये आपण मान्य केलेले शब्द ‘कस्टम डिक’ नावाच्या फाईलीत जातात. ही फाईल ॲपडेटामधल्या रोमिंग कप्प्यात, मायक्रोसॉफ्टच्या फोल्डराखाली ‘यूप्रूफ’ या फोल्डरात असते. ती साधी मजकुराची फाईल आहे. नोटपॅडमध्ये उघडली तर एका ओळीवर एक शब्द दिसतो. आमची चार वर्षे या एका छोट्या फाईलीत होती. लिबर ऑफिस वापरणाऱ्यांच्या बाबतीत असे शब्द त्याच्या प्रोफाइलमधल्या ‘वर्डबुक’ फोल्डरात, ‘स्टँडर्ड डिक’ या फाईलीत साठतात.

तिसरी, स्वयंसुधारणा. ‘निपा’ टंकित केले की पूर्ण पत्ता उमटावा, अशी सोय आपण करून ठेवतो. या जोड्या भाषेनुसार वेगवेगळ्या फाईलींत असतात, आणि फाईलीच्या नावातच भाषेचा क्रमांक येतो. मराठीची फाईल ओळखायची ती ११०२ या आकड्यावरून.

चौथी, वर्डचा मूळ साचा. नवे पान उघडल्यावर कोणता फाँट, किती समास, कोणती भाषा, हे ‘नॉर्मल’ नावाच्या साच्यात ठरते. तोही रोमिंग कप्प्यातच असतो.

पाचवी, फाँट. पूर्वी फाँट बसवला की तो सगळ्या यंत्राचा होत असे. २०१८च्या अखेरीस आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून प्रशासकाचा अधिकार नसलेली व्यक्तीसुद्धा फक्त स्वतःपुरता फाँट बसवू शकते. तो फाँट तिच्या प्रोफाइलमधल्या लोकल कप्प्यात जातो. एका विद्यार्थ्याचे भित्तिपत्रक त्याच्या खात्यात सुरेख दिसायचे आणि माझ्या खात्यात विस्कटायचे, त्याचे कारण हे होते.

युनिकोडने काय सोडवले, काय राहिले

जुन्या शिक्षकांना आठवत असेल, एके काळी श्रीलिपीसारखी प्रणाली आणि तिचे फाँट असल्याशिवाय मराठी फाईल वाचताच येत नसे. कन्नडकडे ‘नुडी’ आणि ‘बरह’ यांच्या फाईलींचे तेच होते. सीमाभागातल्या शाळेला दोन्ही लागत, आणि दोन्हींचे कळफलक एकाच यंत्रावर एकमेकांच्या पायात पाय घालत. विंडोज २०००मध्ये युनिकोड देवनागरी आणि र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ फाँट आला, तिथून हळूहळू हा त्रास मागे पडला. आज निपाणीत टंकित केलेले मराठी पान धारवाडच्या किंवा नागपूरच्या संगणकावर तसेच उघडते.

त्यामुळे आता प्रश्न मिटला, असे आपल्याला वाटू लागते. पण युनिकोडने अक्षर सुरक्षित केले. लिहिणाऱ्याच्या सोयी, त्याने मान्य केलेले शब्द, त्याची भाषेची निवड हे सगळे अजूनही प्रोफाइलच्याच भरवशावर आहे.

आमच्याकडे याचा रोजचा अनुभव होता. कक्षात ‘विद्यार्थी’ नावाचे एकच सामाईक खाते असे. माझा तास संपला की कन्नडचे सर येत. त्यांना माझा मराठी कळफलक मध्ये मध्ये येई म्हणून ते तो काढून टाकत. पुढच्या तासाला मी कन्नडचा काढून मराठी घाली. मुलांना यात गंमत वाटे, आम्हाला राग येई. दोघांनाही वाटायचे की समोरचा मुद्दाम करतो आहे. खरे तर दोन भाषांच्या माणसांना एकच कपाट दिले होते, इतकाच तो दोष होता. प्रत्येकाला वेगळे खाते मिळाले त्या आठवड्यापासून हे भांडण बंद झाले.

नावावरून नव्हे, क्रमांकावरून

शब्द हरवल्यावर मी एक भाबडा उपाय केला. नव्या व्यवस्थेत ‘मराठी’ याच नावाचे खाते पुन्हा उघडून घेतले. नाव तेच, पासवर्ड तोच. तरी खाते रिकामे.

याचे कारण असे की विंडोज माणसाला नावाने ओळखतच नाही. खाते तयार होताना त्याला एक लांबलचक सुरक्षा-क्रमांक मिळतो आणि प्रोफाइल त्या क्रमांकाला बांधलेले असते. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेलेला विद्यार्थी पुन्हा आला, तर नाव तेच असले तरी जनरल रजिस्टरमध्ये त्याला नवा क्रमांक मिळतो, तसेच हे. यंत्र पुसले नसेल तर जुने फोल्डर डिस्कवर पडून राहते, पण नवे खाते त्याला आपले म्हणत नाही. शेजारी नावापुढे संगणकाचे नाव किंवा तीन शून्ये जोडलेले दुसरे फोल्डर तयार होते.

इथेच आणखी एक धोका सांगते. कधी कधी प्रोफाइल बिघडते किंवा उघडत नाही. तेव्हा विंडोज तात्पुरते प्रोफाइल देते आणि तशी सूचना दाखवते. डेस्कटॉप ओळखीचा वाटत नाही, पण काम सुरू करता येते. या तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये साठवलेले सारे लॉगआउट करताच पुसले जाते. दोन तास टंकन करून घरी गेलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी काहीच सापडत नाही, ते यामुळे. अशी सूचना दिसली तर काम सुरू करू नये. लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करून पाहावे, नाही जमले तर कक्षप्रमुखाला सांगावे.

जाळ्यातील प्रोफाइलचे तीन प्रकार

संगणक सर्व्हरला जोडले की प्रोफाइल कोठे ठेवायचे, हा प्रश्न येतो. त्याची तीन उत्तरे आहेत.

स्थानिक प्रोफाइल त्याच यंत्रावर राहते. मुलगा आज तीन नंबरवर आणि उद्या नऊ नंबरवर बसला तर त्याची दोन वेगळी प्रोफाइल तयार होतात. आज मान्य केलेला शब्द उद्या लाल होतो.

फिरते प्रोफाइल सर्व्हरवर राहते. लॉगिन करताना ते समोरच्या यंत्रावर उतरते आणि लॉगआउट करताना बदलांसह परत जाते. मूल कुठल्याही यंत्रावर बसले तरी त्याचे शब्द सोबत येतात. ऐकायला हे उत्तम वाटते. आम्हीही तसेच सुरू केले, आणि तीन गोष्टी लक्षात आल्या. एक, फिरते प्रोफाइल रोमिंग कप्पा घेऊन जाते, लोकल कप्पा मागेच ठेवते. त्यामुळे शब्दकोश आला तरी स्वतःपुरता बसवलेला फाँट येत नाही. दोन, मुलांनी डेस्कटॉपवर स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ ठेवले, आणि लॉगिनला पाच-पाच मिनिटे लागू लागली, कारण ते सगळे रोज सर्व्हरवरून ये-जा करत होते. यावर उपाय म्हणजे डॉक्युमेंट्स व डेस्कटॉप सर्व्हरवरच वळवून ठेवणे. म्हणजे प्रवासाला निघणारे ओझे हलके राहते. तीन, एकच खाते एकाच वेळी दोन यंत्रांवर उघडले असेल, तर एनटीयूजर फाईल शेवटी लॉगआउट करणाऱ्याची टिकते. पहिल्याने केलेले कळफलकाचे बदल तिच्याखाली झाकले जातात. म्हणून फिरते प्रोफाइल सामाईक खात्याला कधीच देऊ नये.

तिसरा प्रकार म्हणजे सक्तीचे प्रोफाइल. यात एनटीयूजर फाईलीचे शेपूट ‘डॅट’ऐवजी ‘मॅन’ केलेले असते. वापरकर्त्याने काहीही बदलले तरी पुढच्या लॉगिनला सगळे मूळपदावर येते. परीक्षेसाठी किंवा वाचनालयात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या संगणकाला हे योग्य. पण जिथे मुले भाषा घडवत आहेत तिथे ते नको, कारण तिथे कोणताच नवा शब्द दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही.

एक व्यावहारिक सूचना. विंडोजची ‘होम’ आवृत्ती शाळेच्या अशा सर्व्हर-व्यवस्थेला जोडता येत नाही. देणगीत आलेल्या संगणकांत हीच आवृत्ती निघण्याची शक्यता असते. आधी पाहून घ्यावे.

नक्कल : काय घ्यावे, काय सोडावे

प्रोफाइल महत्त्वाचे आहे हे कळल्यावर साहजिक वाटते की संपूर्ण फोल्डर उचलून नव्या ठिकाणी ठेवावे. ते करू नये. एनटीयूजर फाईलीतल्या परवानग्या जुन्या सुरक्षा-क्रमांकाच्या असतात. तशी नक्कल केल्यावर कधी प्रोफाइल उघडत नाही, कधी अर्धवट उघडते. शिवाय जो वापरकर्ता लॉगिन केलेला आहे, त्याची ही फाईल उघडी असल्याने तिची नीट नक्कलच होत नाही. विंडोज ७पासून तर प्रोफाइलच्या यादीतले ‘कॉपी टू’ हे बटण फक्त मूळ, म्हणजे ‘डिफॉल्ट’ प्रोफाइलसाठीच चालू राहते. एका यंत्रावरून दुसऱ्यावर बरीच खाती हलवायची असतील, तर मायक्रोसॉफ्टचेच ‘यूझर स्टेट मायग्रेशन टूल’ आहे. ते आधी सगळे गोळा करते आणि मग नव्या यंत्रावर उतरवते. हे काम तंत्रज्ञाकडून करून घ्यावे, पण नाव सांगून मागावे.

एकट्या लेखकाला किंवा शिक्षकाला एवढे लागत नाही. त्याने वर्ड बंद करावे आणि तीन गोष्टी उचलाव्यात : कस्टम डिक, ११०२ क्रमांकाची स्वयंसुधारणेची फाईल आणि नॉर्मल साचा. नव्या खात्यात वर्ड एकदा उघडून बंद केले की ती फोल्डरे तयार होतात. मग त्याच जागी या फाईली ठेवाव्यात. वापरात असलेले फाँट वेगळे जमवून ठेवावेत. कळफलक मात्र नव्याने जोडावा, त्याला दोन मिनिटे लागतात.

आता डिफॉल्ट प्रोफाइलविषयी. नवे खाते पहिल्यांदा लॉगिन करते तेव्हा विंडोज याच प्रोफाइलची प्रत काढून त्याला देते. लिनक्समध्ये हेच काम ‘स्केल’ नावाचे फोल्डर करते. नवे खाते काढताना त्यातले सगळे नव्या घरात उतरवता येते. तेव्हा कक्षातल्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवसापासून मराठी, कन्नड आणि इंग्रजी कळफलक मिळावेत असे वाटत असेल, तर ते डिफॉल्टमध्ये घालावे. आधुनिक विंडोजमध्ये याची अधिकृत वाट ‘सिसप्रेप’ची आहे. एक संगणक हवा तसा सजवायचा, आणि ‘कॉपीप्रोफाइल’ ही आज्ञा देऊन तीच सजावट डिफॉल्ट करायची.

पण सजवायचा संगणक कोणाचा, हा प्रश्न किरकोळ नाही. आमच्याकडे पहिल्या खेपेस तंत्रज्ञाने कार्यालयातल्या लिपिकाचे खाते नमुना म्हणून घेतले, कारण त्यात सगळे व्यवस्थित बसलेले होते. लिपिकाला सरकारी पत्रव्यवहार करावा लागतो. १ नोव्हेंबर २०१४पासून जिल्ह्याचे अधिकृत नाव बेळगावी झाले. त्याने स्वतःच्या सोयीसाठी स्वयंसुधारणेत ‘बेळगाव’ लिहिले की ‘बेळगावी’ व्हावे, अशी जोडी करून ठेवली होती. त्याच्या कामासाठी ती योग्यच होती. पण ती सगळ्या मुलांच्या खात्यांत उतरली. आजी मुलाखतीत ‘बेळगावला गेलो’ म्हणते आणि पडद्यावर भलतेच उमटते. पहिली काही पाने तशीच छापली गेली. सीमाभागात हा शब्द किती नाजूक आहे, हे वेगळे सांगायला नको. दोन पालक विचारायला आले. कोणी मुद्दाम केले नव्हते. एका माणसाची सवय न पाहता शंभर जणांना वाटली गेली होती.

तेव्हापासून आमचा नियम आहे : डिफॉल्टसाठी कोणाचेही वापरातले खाते घ्यायचे नाही. नवे कोरे खाते उघडायचे, त्यात फक्त कळफलक, फाँट आणि साचा घालायचा. स्वयंसुधारणा नाही, शब्दकोश नाही, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर मुळीच नाहीत.

हरवलेले शब्द

आमच्या शब्दांचे पुढे काय झाले, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी सात नंबरच्या संगणकाची डिस्क लहान पडली म्हणून बदलली होती. जुनी डिस्क कपाटात, खडूच्या खोक्यामागे सापडली. तंत्रज्ञाने ती जोडून दिली. प्रशासकाच्या अधिकाराने जुने प्रोफाइल उघडले, आणि यूप्रूफ फोल्डरात पहिल्या दोन वर्षांचे शब्द जसेच्या तसे होते.

उरलेल्या दोन वर्षांसाठी लाल रेघांनीच मदत केली. मुलाखती शाबूत होत्या. त्या एकेक करून उघडल्या की जे शब्द लाल दिसत, तीच हरवलेली यादी. दहावीच्या मुलांनी शनिवारी बसून त्या सगळ्या पुन्हा वाचल्या.

या दुसऱ्या वाचनात एक गोष्ट कळली. पहिल्या वेळी मुलांनी घाईत चुकासुद्धा मान्य करून टाकल्या होत्या. ‘विडी’सोबत ‘वीडी’ आणि ‘विडि’ही यादीत होते. संगणक आपल्याला हो म्हणायला लागतो तेव्हा चुकीलाही हो म्हणतो. म्हणून आता शब्द दोन टप्प्यांत जातो. मुलाने मान्य केलेला शब्द त्याच्या स्वतःच्या कस्टम डिकमध्ये राहतो. महिन्यातून एकदा आम्ही त्या याद्या एकत्र करतो, बोलीतला शब्द आणि टंकनदोष वेगळे करतो, आणि उरलेले ‘निपाणी’ नावाच्या वेगळ्या शब्दकोशात घालतो. हा शब्दकोश सर्व्हरवरच्या सामाईक फोल्डरात आहे. मुलांना तो वापरता येतो, बदलता येत नाही. वर्डच्या प्रूफिंगच्या पर्यायांमध्ये असा जादा शब्दकोश जोडायची सोय आहे. शिवाय यादीची छापील प्रत अर्थांसह शाळेच्या ग्रंथालयात ठेवली आहे.

कन्नडच्या सरांनी हे पाहिले आणि आपलीही तशीच यादी सुरू केली. मागच्या दिवाळीआधी आम्ही दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. अक्का, अण्णा, अडकित्ता हे अपेक्षितच होते. पण विडीच्या आणि शेतीच्या कामातले बरेच शब्द दोन लिप्यांत जवळजवळ सारखे निघाले. ते कोणाकडून कोणाकडे गेले, यावर आम्ही दोघे अजून वाद घालतो.

वाचकांना एक विनंती. विंडोज १०चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे सध्या अनेक शाळांमध्ये, वाचनालयांमध्ये आणि घरोघरी संगणक पुसून नव्याने भरले जात आहेत. आपला संगणक दुरुस्तीला जाण्याआधी “डाटा काढलाय का?” एवढेच विचारू नका. आपली कस्टम डिक फाईल स्वतः शोधा, नोटपॅडमध्ये उघडून पाहा, आणि तिची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. या कामाला दहा मिनिटे पुरतात. आम्हाला त्याऐवजी सहा शनिवार लागले.